घंटेच्या बटणाचा अर्ज

माझ्या खुर्चीखाली आता गुळगुळीत फरशी आहे. तरीही दुपारी तीनच्या सुमारास, हातातला मसुदा पुरा करून मी मान वर केली, की माझी उजवी टाच आपोआप दोनदा जमिनीवर आपटते. समोर बसलेला पक्षकार दचकतो. "काय झालं भाऊसाहेब, पायाला मुंग्या आल्या का?" असे विचारतो. मी होय म्हणतो. खरे कारण सांगायचे तर एका माणसाची सबंध हकीकत सांगावी लागेल, आणि रेशनकार्डावरचे नाव दुरुस्त करायला आलेल्या माणसाला तेवढी सवड नसते. येथे मात्र मला सवड आहे, सबब लिहितो.

भिंगारमध्ये मी ज्या घराच्या पुढल्या खोलीत टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज लिहीत बसत असे, त्या घराचे ते मालक. नव्वदच्या दशकाची अखेरची वर्षे होती. लष्कराच्या एका कार्यशाळेत त्यांनी नागरी कारागीर म्हणून उमेदीचा सारा काळ काढला होता, आणि तेथल्या इंजिनांच्या आवाजाने त्यांचे दोन्ही कान नेले होते. समोर बसून, ओठ दिसतील असे बोलले तर त्यांना समजे. पाठीमागून तोफ डागली असती तरी मान वळली नसती. माझ्या मेजाखालून निघालेली एक लांब सागवानी फळी मधल्या उंबऱ्याखालून थेट त्यांच्या खुर्चीच्या पायापर्यंत गेली होती. ती त्यांनी स्वतः बसवली होती. मी टाच दोनदा आपटली, की ते त्यांच्या तळव्यांना कळे.

खोली देताना त्यांनी एकच अट घातली होती.

"मी दुपारी खुर्चीतच आडवा झालो की दारावर पाटी असेल. पाटीवर ज्याचं नाव आहे त्याच्यासाठीच फळी वाजवायची. बाकी कोणीही येवो."

"आणि कोणी महत्त्वाचा माणूस आला तर?" मी विचारले.

"महत्त्वाचा असता तर मी त्याला पाटीवर लिहिला नसता का?"

ती पाटी शाळेतल्या मुलांची असते तशी दगडी होती. तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेले असे: 'दोन ते तीन. उठवण्यास पात्र: एक, मागच्या खोलीतून हाक. दोन, आग. तीन, पोस्टमन, फक्त तार असल्यास.' एकदा छावणीतला एक मोठा अधिकारी जीप घेऊन आला. त्याच्याकडचा जुना रेडिओ नीट करणारा दुसरा माणूस जिल्ह्यात नव्हता. मी त्यास खुर्ची दिली, पाणी दिले आणि पाटी दाखवली. तो म्हणाला, "मी कोण आहे ते माहीत आहे का?" मी म्हणालो, "साहेब, माहीत आहे. पण आपण आग नाही." तो निघून गेला. पुढे दोन दिवस मला जेवण गोड लागले नाही, कारण छावणीच्या कचेरीत माझे रोजचे काम असे. मालकांना मी घडले ते सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा पुसत विचारले, "आग लागली होती का?"

"नाही."

"मग योग्य केलंत."

त्यांच्याकडून मिळालेली ही एकच शाबासकी, आणि ती मी आजवर जपली आहे.

त्यांचा दुसरा विक्षिप्तपणा असा, की दिलेली परवानगी ते परत घेत. बाजारात निघाले म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला सांगून जात, "मी नसताना घरून निरोप आला तर मला भाजीबाजारात शोधायचं." येथवर कोणीही सांगेल. पण परत आल्यावर ते पुन्हा त्याच्या दुकानाची पायरी चढत आणि म्हणत, "मी आलो आहे. परवानगी रद्द." ज्या क्रमाने लोकांना सांगितले असेल त्याच्या उलट क्रमाने रद्द करीत यायचे, हा त्यांचा नेम. औषधवाला हसे. म्हणे, "अहो, तुम्ही दिसलात म्हणजे आलातच की!" त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले: "तुम्हाला दिसलो. तुमच्या डोक्यात अजून मी बाजारातच आहे. उद्या उगीच शोधत फिराल."

आता त्यांच्या कामाविषयी. निवृत्तीनंतर ते संगणक शिकले. पुण्याहून येणाऱ्या एका मासिकाबरोबर चकती मिळत असे. तिच्यातून त्यांनी आपल्या यंत्रावर एक अशी प्रणाली चढवली होती, जिचा आतला गाभासुद्धा उघडून वाचता येई. त्या गाभ्याला ते कर्नेल म्हणत, आणि त्यांना त्याचे मोठे अप्रूप होते. "कुलूप न लावता गेलेत लोक," ते म्हणत, "वर चिठ्ठी ठेवलीय, की आत या, काही बिघडलं असेल तर नीट करून जा." संगणकाला जी जी वस्तू जोडावी तिच्यासाठी या गाभ्यात एक लहान प्रोग्रॅम लागतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. ते असे ड्रायव्हर लिहीत. पुण्यातली एक पार्टी बॅटरीवर चालणारे यंत्र बनवत होती, आणि काम नसेल तेव्हा ते यंत्र झोपवायचे कसे व उठवायचे कसे, एवढाच विषय तिने यांच्याकडे सोपवला होता.

मी स्वतः नववीपर्यंत शिकलो. इंग्रजी बेताचे. तथापि कारभार कोणताही असो, तो शेवटी अर्ज, मंजुरी आणि नोंद यांवरच चालतो हे मला फार आधी उमगलेले असल्यामुळे त्यांचे काम गल्लीत इतर कोणापेक्षा मला लवकर समजले. प्रत्येक वस्तूकडून यंत्राच्या मेंदूकडे एक तार जाते. तिच्यावरून जी हाक येते तिला इंटरप्ट म्हणतात. जागे यंत्र सर्वांच्या हाका ऐकते. झोपताना मात्र हाका बंद कराव्या लागतात, नाहीतर झोप लागायची कशी? आणि सगळ्याच बंद केल्या तर उठवणार कोण? म्हणून मोजक्या तारांना एक राखीव वाट उघडून द्यायची, आणि जागे झाल्यावर ती वाट पुन्हा बंद करायची.

"झोप कुणालाही येते, भाऊसाहेब," ते म्हणत. "आपल्याला उठवायचं कुणी, हे ठरवून झोपणं, त्याला डोकं लागतं."

हे सगळे पुण्याच्या पार्टीपुरतेच राहिले असते तर मी हे लिहायला बसलो नसतो. मागच्या खोलीत त्यांची पत्नी होती. आम्ही सारे तिला मावशी म्हणत असू. तिला पक्षाघात झाला होता. उजवे अंग गेले होते आणि वाचाही गेली होती. समजत सगळे होते. नवऱ्याला ऐकू येत नाही आणि बायकोला बोलता येत नाही, असा तो संसार होता. त्या संसारात दिवसभर हसणे चाले, हे सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही. मी त्याला साक्षी आहे.

मावशीच्या खाटेशी, तिच्या चांगल्या डाव्या हाताजवळ, त्यांनी एक बटण बांधले होते. ते दाबले की हाक संगणकाकडे जाई, आणि संगणक त्यांच्या खुर्चीला बांधलेली एक छोटी मोटर थरथरवी. टेपरेकॉर्डरमधून काढलेली होती ती. त्याच वेळी मावशीच्या उशाशी एक बारीक हिरवा दिवा लागे. हाक पोचली, असा त्याचा अर्थ. वीज तासन्‌तास जात असे, यंत्र बॅटरीवर असे. म्हणून ते कामापुरते जागे राही आणि मग झोपी जाई. मावशीच्या बटणाने ते उठले पाहिजे, हे त्या घरातले पहिले कलम होते.

घरकामाला शेवंताबाई येत. सोनईकडच्या. त्यांना हा खटाटोप मुळीच मान्य नव्हता.

"आवो साहेब," कंबरेवर हात ठेवून त्या म्हणत, "एवढ्या तारा कशापायी? दोन शेल लावा, मोटार फिरंल. आमच्या गावात पोरं खेळण्यात लावत्यात."

"मोटर फिरेल," ते म्हणत, "पण तिला कसं कळेल मी ऐकलं ते?"

"तुमी आल्यावर कळंल की!"

"यायला वेळ लागतो. तोवर तिनं काय समजायचं?"

शेवंताबाई माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावीत. "यडं हाय तुमचं मालक," असे त्यांच्या देखतच म्हणत, फक्त पाठ फिरवून, म्हणजे त्यांना ओठ दिसू नयेत.

एके सकाळी ते माझ्या मेजासमोर पक्षकाराच्या बाकावर येऊन बसले. "अर्ज लिहायचे आहेत," म्हणाले.

"कोणाच्या नावे?"

"मा. यंत्र यांच्या सेवेशी. अर्जदार पाच."

मला वाटले थट्टा आहे. नव्हती. यंत्राला झोपेतून उठवण्याची मागणी ज्या ज्या तारेची असेल, तिने रीतसर अर्ज करावा, कारण लिहावे, मग ते निर्णय देणार, आणि त्या निर्णयाबरहुकूम ड्रायव्हर लिहिणार. "मी थेट लिहायला बसलो की सगळ्यांनाच वाट देऊन टाकतो," ते म्हणाले. "माझा स्वभाव आहे तो. कारण लिहून आलं की माणूस नीट विचार करतो." माझ्या आयुष्यात इतक्या योग्य माणसाकडे इतके योग्य काम कोणी आणले नव्हते. मी कोरा कागद लावला, कार्बन घातला आणि अर्धा दिवस दुसरे काम घेतले नाही.

कळफलकाचा अर्ज त्यांनी फेटाळला. शेरा लिहिला: 'नामंजूर. मांजर.' शेजारचे मांजर त्या कळांवरून चालत जाई, हे खरे होते. टेलिफोनच्या तारेचा अर्ज: 'नामंजूर. घाई असणारा पत्र लिहील.' पाण्याच्या टाकीतल्या बोयाचा: 'नामंजूर. टाकी वाहिली तर अंगण धुऊन निघेल.' घड्याळाचा: 'मंजूर, फक्त औषधाच्या वेळी.' पाचवा अर्ज घंटेच्या बटणाचा होता. तो मी सर्वांत जीव ओतून लिहिला. अर्जदार, घंटेचे बटण, राहणार मागील खोली, खाटेच्या डाव्या अंगास. कारण, बाईंस वाचा नाही. आणि मुख्य परिच्छेद असा: 'यंत्र जागे असता अर्जदाराचे म्हणणे नेहमीच्या वाटेने ऐकले जाते, त्याबद्दल तक्रार नाही. यंत्र झोपी गेल्यानंतर सदर म्हणणे राखीव वाटेने ऐकले जावे, ही नम्र विनंती.'

त्यांनी तो दोनदा वाचला. शेरा लिहिला: 'मंजूर. कोणत्याही वेळी.' आणि म्हणाले, "भाऊसाहेब, चोख आहे." मग आत जाऊन त्यांनी त्या वाक्याबरहुकूम ड्रायव्हर लिहिला. आधी नेहमीची वाट बंद, मग सगळ्या वस्तूंची आवराआवर, मग राखीव वाट उघडी, मग झोप. मावशीने बटण दाबून पाहिले. यंत्र जागे असताना हिरवा दिवा लागला. झोपल्यावर दाबले, तेव्हाही लागला. शेवंताबाईंनीसुद्धा, "लागला बया दिवा," असे कबूल केले.

पुढचे कित्येक महिने काही अडले नाही. त्या दिवसांची मला आज फार ओढ वाटते. पुढे माझे यंत्र खडखडत असायचे, मागे त्यांचे यंत्र निजलेले असायचे, आणि मधूनच खुर्चीची मोटर घुर्र करायची, की ते "आलो!" असे गरजून उठायचे. बहिऱ्या माणसाचा तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. मला पुढे कितीतरी जागी बसावे लागले. मी लिहिलेल्या अर्जांना कचेरीतून उत्तरे येतात, न येतात. पण हाक आली आणि त्याच क्षणी कोणी "आलो" म्हटले, असे मी त्या घराबाहेर कोठेही ऐकले नाही.

मग ती दुपार आली. वीज गेलेली होती. शेवंताबाई बाजारात गेल्या होत्या. मी एका जवानाच्या विधवेचे पेन्शनचे अपील टाइप करीत होतो. पाच प्रती होत्या, त्यामुळे कळा जोराने मारीत होतो. मालक आपल्या खुर्चीत, हातात यंत्राचा कसलासा सुटा भाग घेऊन तारा जोडत होते. मोटर घुरघुरली नाही. काहीच घडले नाही. दोन पाने झाली असतील, तोच शेवंताबाई परतल्या, मागच्या दाराने आत गेल्या, आणि त्यांची किंकाळी ऐकू आली.

"भाऊसायेब! पळा वो! बाई खाली पडल्यात!"

मी फळीवर टाच आपटली. किती वेळा आपटली ते सांगता येत नाही.

मावशी खाट आणि भिंत यांच्यामध्ये कुशीवर पडली होती. पाण्याच्या भांड्याकडे हात करताना घसरली असावी. कपाळाला खोक पडली होती. डोळे उघडे होते. बटण तिच्या हातातून सुटून खाटेच्या वर लोंबकळत राहिले होते, आणि तिचा डावा अंगठा रिकाम्या मुठीवर दाबत होता, पुन्हा पुन्हा, जणू बटण अजून तेथेच आहे.

हाड मोडले नव्हते. डॉक्टर येऊन टाके घालून गेले. तिने खुणेने जे सांगितले त्याचा अर्थ एवढाच निघाला, की घसरताना बटण एकदा दाबले होते. एकदाच. दिवा लागला नाही.

शेवंताबाईंचा तोल सुटला. या वेळी त्यांनी पाठ फिरवली नाही. मालकांच्या अगदी समोर उभ्या राहिल्या आणि ओठ दिसतील अशा बोलल्या. "एवढी मशिनं, आन् बाईचं एक बटान ऐकू येईना! माझ्या सासूला म्या काशाची वाटी आन् चमचा दिल्ता. आख्खी आळी उठायची. तुमी बायकूवर परयोग करताय, साहेब, परयोग!"

ते म्हणाले, "बरोबर बोलता तुम्ही."

तासाभरात त्यांनी दोन सेल, एक तार आणि एक निराळे बटण जोडून साधी मोटर खुर्चीला बांधली. शेवंताबाईंनी सांगितली होती तशीच. मग खाली बसले आणि ढसढसा रडले. बहिरा माणूस रडताना किती मोठ्याने रडतो हे त्याचे त्याला समजत नाही. मावशीने डाव्या हाताने त्यांचे डोके थोपटले. मी पुढच्या खोलीत येऊन उगाच कागद सारखे करीत बसलो.

दुसऱ्या दिवसापासून ते शोधाला लागले. यंत्र झोपवायचे, बटण दाबायचे. पुन्हा जागे करायचे, पुन्हा झोपवायचे. मी दारात उभा राहून दिवा लागला की हात वर करीत होतो. दिवसभर हात वर होत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी यंत्र नुकतेच निजू लागले असताना बटण दाबले. आतल्या तबकडीची घरघर मंदावत होती, ती पुरती थांबलेली नव्हती. मी हात वर करायच्या तयारीत होतो. दिवा लागला नाही.

त्यांनी पुन्हा केले. पुन्हा लागला नाही.

दोन-तीन श्वासांचा तो अवधी. मी पुढे गेलो, फायलीतून माझी प्रत काढली आणि उभ्यानेच वाचली. 'यंत्र जागे असता.' 'यंत्र झोपी गेल्यानंतर.' निजू लागले आहे पण निजलेले नाही, त्या वेळेबद्दल माझ्या अर्जात एक शब्दही नव्हता. नेहमीची वाट बंद झालेली होती, राखीव वाट अजून उघडायची होती, आणि नेमकी त्या मधल्या जागेत मावशी घसरली होती. मी लिहिलेल्या वाक्यात तिची हाक पडून राहिली होती.

कागद घेऊन मी त्यांच्यासमोर गेलो. म्हणालो, "साहेब, चूक माझ्या मसुद्यातली आहे."

त्यांनी कागद घेतला, वाचला, आणि बराच वेळ माझ्या ओठांकडे पाहत राहिले, मी आणखी काही बोलणार आहे असे समजून. मग म्हणाले, "तुम्ही वेळा दोन लिहिल्या. तीन होत्या. यंत्राशेजारी मी बसतो. मला दिसायला हवी होती. तुम्ही तर बाहेर बसता." आणि किंचित हसून, "नवीन कागद लावा."

तो दुसरा अर्ज मी जसा लिहिला, तसा आजवर पुन्हा लिहिलेला नाही. त्यात क्रम बदलला. सर्वांआधी राखीव वाट उघडावी. मगच नेहमीची बंद करावी. आवराआवर झाल्यावर, अगदी डोळे मिटण्यापूर्वी, यंत्राने एकदा विचारावे: दरम्यान कोणी आले का? आले असेल तर झोप रद्द, आणि जागेपणाकडे परत. ते शेवटचे विचारणे त्यांनी फार मायेने लिहिले. पडद्यावर बोट ठेवून मला दाखवले. "ही ओळ बघा. एवढंसं आहे. पण हिच्याशिवाय झोपू नये."

त्यानंतर त्यांनी पन्नास वेळा दाबून पाहिले, घरघर मंदावताना दाबले, थांबता थांबता दाबले. प्रत्येक वेळी दिवा लागला.

सेलची साधी मोटर मात्र त्यांनी काढली नाही. पण मावशीनेच ती नाकारली. दोन्ही बटणे हाताशी दिली की ती साधे बटण उचलून खाटेखाली टाकी. शेवंताबाईंनी परत द्यावे, तिने परत टाकावे. शेवटी शेवंताबाईंनाच उमगले. "त्याला दिवा न्हाई ना," त्या म्हणाल्या. "तिला उत्तर पायजे, भाऊसायेब. उत्तर."

आणि मग मावशीने एक नवीनच खोड लावून घेतली. आजवर ती गरजेशिवाय बटण दाबत नसे. आता पाणी हवे नसताना, कूस बदलायची नसताना ती दाबू लागली. हिरवा दिवा लागे, मोटर घुरघुरे, ते हातातले टाकून "आलो!" करीत धावत. दारात उभे राहून विचारीत, "कारण?" ती अर्ध्या तोंडाने हसे. कारण नसे. ते परत येऊन खुर्चीत बसत. पाच मिनिटांनी पुन्हा मोटर. पुन्हा "आलो!" पुन्हा "कारण?"

शेवंताबाई भांडी घासता घासता म्हणत, "म्हातारपणी पकडापकडी खेळत्यात."

आठवड्याभराने ते माझ्या बाकावर येऊन बसले. "अर्जात दुरुस्ती करायची आहे. कारण या रकान्यात."

"काय लिहू?"

"नमूद करणे आवश्यक नाही."

मी हात थांबवला. माझ्या धंद्यात विनाकारण अर्ज चालत नाही, आणि पाचही अर्जदारांकडून कारण मागणारे हेच गृहस्थ होते. मी तसे स्पष्ट बोललो. ते म्हणाले, "कळफलकाला कारण लागतं. घड्याळाला लागतं. तिला लागत नाही. लिहा."

मी लिहिले.

ती सुमारे वर्षभर पुढे जगली. थंडीच्या एका सकाळी, कोवळे ऊन खाटेवर आलेले असताना, मोटर घुरघुरली आणि ते "आलो!" म्हणून उठले. मी टाइप करीतच होतो. या वेळी "कारण?" ऐकू आले नाही. बऱ्याच वेळाने शेवंताबाई पुढे आल्या आणि पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. तिचा हात त्यांच्या हातात होता, दिवा अजून लागलेला होता, असे त्या म्हणाल्या. हाक पोचली होती आणि ते वेळेवर गेले होते. त्या एका गोष्टीसाठी मी पुढे अनेकदा मनात हात जोडले आहेत.

बुद्धाच्या तसबिरीसमोर वंदना झाली. आप्त आले आणि गेले. त्यानंतर ते गल्लीत निघाले, परवानग्या परत घ्यायला. औषधवाल्याकडे गेले: "आता निरोप येणार नाही. रद्द." तो या वेळी हसला नाही. पोस्टमनला सांगितले. शेवंताबाईंना म्हणाले, "तुम्ही आता मला हाक मारायला धावायचं कारण नाही." त्या म्हणाल्या, "असं नगा वो बोलू साहेब," आणि भांडी तशीच टाकून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या, कोणी बोलावले नव्हते तरी.

श्रीरामपूरला त्यांची बहीण होती. तिच्याकडे जायचे ठरले. घर विकायला काढले. संगणक त्यांनी स्वतः उकलला, चादरीत बांधला. जाण्याच्या सकाळी माझ्या मेजावर फाईल ठेवली. "दप्तर तुमचं आहे. तुमच्याकडेच राहू द्या." आणि बसस्टँडकडे चालू लागले.

मी फाईल उघडली. प्रत्येक अर्जावर त्यांनी लाल शाईने 'रद्द' लिहिले होते, खाली सही. घड्याळाच्या अर्जावर रद्द. नामंजूर झालेल्या अर्जांवरसुद्धा, नियम म्हणून, रद्द. शेवटचा कागद घंटेच्या बटणाचा. त्याच्यावर लाल शाई नव्हती.

इतक्या काटेकोर माणसाच्या हातून राहून गेले असावे, असे मला वाटले. मी लाल पेन खिशात घातले, कागद घेतला, आणि टाइपरायटर उघडाच टाकून स्टँडकडे धावलो. श्रीरामपूरची गाडी लागली होती. ते खिडकीशी बसले होते, मांडीवर ते बोचके. इंजिन चालू होते. ओरडून उपयोग नव्हता. मी खिडकीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. त्यांनी वळून पाहिले. मी ओठ दिसतील असे, एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "साहेब, एक अर्ज राहिला."

कागद आत दिला. पेन दिले. त्यांनी कागद वाचला, सावकाश, पहिल्या ओळीपासून. मग घडी घातली आणि कागद व पेन दोन्ही मला परत दिले.

"राहिला नाही," ते म्हणाले.

"मग कारण?" मी विचारले. आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न मी त्यांना केला.

"नमूद करणे आवश्यक नाही."

गाडी हलली. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ते बोलले होते, त्यामुळे आसपासचे सारे प्रवासी वळून पाहत होते. त्यानंतर त्यांची माझी भेट झाली नाही. काही वर्षांनी श्रीरामपूरहून एक पोस्टकार्ड आले, त्यांच्या बहिणीच्या हातचे. त्यावरून ते गेल्याचे समजले.

ते घर आता नाही. फळी कोणी नेली ठाऊक नाही. मी दुसरीकडे बसतो, टाइपरायटरच्या जागी माझ्याही मेजावर संगणक आला आहे, आणि थोडा वेळ हात लावला नाही की तोही निजतो. निजताना त्याच्या पोटातली घरघर मंदावते तेव्हा मी हातातले काम थांबवतो आणि ती पुरती बंद होईपर्यंत कान देऊन राहतो. पक्षकारांना वाटते, मी मसुदा आठवतो आहे.

फाईल माझ्या खणात आहे. मी आजवर हजारो अर्ज लिहिले असतील. बहुतेकांचे पुढे काय झाले, हे मला कोणी सांगायला आले नाही. घंटेच्या बटणाच्या अर्जाचे मात्र मला माहीत आहे. तो मंजूर आहे, कोणत्याही वेळी.